काखा वर करण्याआधी

घामाला वास नसतो. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे वाक्य शांतपणे छापलेले असते, आणि ते लिहिणारा गृहस्थ संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास दादरहून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत कधी चढलेला नसावा, अशी वाचणाऱ्याची खात्री पटते. पण विधान खरे आहे. माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. त्यांतल्या बहुसंख्य ग्रंथींतून जो घाम येतो तो म्हणजे निव्वळ खारट पाणी. अंग गार ठेवणे एवढेच त्याचे काम. मुंबईच्या मे महिन्यात हवेतच इतकी वाफ असते की त्या पाण्याला उडून जायला वाव नसतो, अंग काही गार होत नाही, तरी ग्रंथी काम थांबवत नाहीत. फळाची अपेक्षा न धरता कर्म करणारा अवयव म्हणून त्यांचा उल्लेख करायला हरकत नाही.

काखेत आणि जांघेत मात्र आणखी एका जातीच्या ग्रंथी असतात. त्या लहानपणी झोपलेल्या असतात आणि साधारण मिसरूड फुटण्याच्या वयात जाग्या होतात. त्यांचा स्राव किंचित दाट आणि स्निग्ध. वास त्यालाही नसतो. पण कातडीवर कोरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकॉकस होमिनिस वगैरे जिवाणू पिढ्यानपिढ्या मुक्काम करून असतात. ते या स्रावावर ताव मारतात, आणि जेवण उरकल्यावर मागे जे टाकतात त्याला वास असतो. त्यात आंबट आम्ले असतात, आणि गंधक असलेले काही रेणू असे की त्यांचा लेशही नाकाला पुरतो. तात्पर्य, गर्दीत दुसऱ्याच्या उचललेल्या हाताखाली नाक सापडलेल्या प्रवाशाला जो वास येतो तो त्या सद्गृहस्थाचा नसतो, त्याच्या भाडेकरूंचा असतो. भाडेकरूही जुन्या पागडीचे. भाडे देत नाहीत आणि जागा सोडत नाहीत. मालकाला त्यांची नावेसुद्धा ठाऊक नसतात, पण चाळीत बदनामी मालकाची.

मालकाला हे कळत नाही, याचे कारण नाकाच्या स्वभावात आहे. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणे सोडून देते. त्यामुळे स्वतःचा वास स्वतःला येत नाही; दुसऱ्याचा मात्र नवा असतो म्हणून थेट मेंदूत जातो. डब्यात दर्प दरवळला की प्रत्येक जण इतरांकडे संशयाने पाहतो आणि प्रत्येकाची खात्री असते की आपण फिर्यादी आहोत.

"अहो, जरा खिडकी उघडा की!"

"खिडकी उघडीच आहे, काका. तुम्ही हात खाली घ्या."

काका हात खाली घेत नाहीत. हात खाली घेतला तर पडायला होते, आणि शिवाय ते वाक्य आपल्याला उद्देशून नव्हते अशी त्यांची समजूत असते. ऑफिसांतही हेच चालते. "वैयक्तिक स्वच्छतेकडे सर्वांनी लक्ष द्यावे" असा ईमेल मनुष्यबळ विभाग सगळ्यांना पाठवतो, आणि ज्याच्यासाठी तो मुळात लिहिलेला असतो तोच कँटीनमध्ये म्हणतो, "बरं झालं पाठवला. काही लोकांना खरंच गरज होती." घरात परिस्थिती थोडी बरी. तिथे बायको एवढेच विचारते, "हा शर्ट कालचाच का?" यापुढच्या संभाषणाची जबाबदारी बाजाराने उचलली आहे.

बाजारात दोन वस्तू मिळतात आणि घेणारा त्यांना एकच समजतो. डिओडोरंट घामाला अडवत नाही. त्यातले अल्कोहोल आणि इतर द्रव्ये जिवाणूंना मारतात आणि सुगंध उरलेले झाकून टाकतो. अँटिपर्स्पिरंट घामालाच अडवते. त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामात विरघळतात आणि घर्मनलिकेच्या तोंडाशी जेलीसारखे बूच तयार करतात. काही काळाने ते बूच आपोआप निघून जाते. अमेरिकेच्या कायद्यात पहिली वस्तू सौंदर्यप्रसाधन आहे आणि दुसरी औषध. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली जो नियम पक्का केला, त्यानुसार घाम २० टक्क्यांनी कमी झाला की वस्तूला घामरोधक म्हणता येते, आणि ३० टक्क्यांनी कमी झाला तर डब्यावर 'अधिक प्रभावी' अशी बढाई मारता येते. महाराष्ट्रात दहावीला पास व्हायला ३५ लागतात. ऐंशी टक्के घाम वाहत असताना 'कोरडेपणाचा विश्वास' विकत घेणारा ग्राहक डब्याच्या मागचा मजकूर वाचत नाही, कारण तो वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत छापण्याची काळजी घेतलेली असते.

"घाम थांबवणारं काही द्या."

"कुठल्या वासात देऊ?"

"वास राहू दे. घाम थांबायला हवा."

"मग चॉकलेटवालं घ्या. ते सगळ्यात जास्त जातं."

गृहस्थ चॉकलेटवाले घेऊन घरी येतो. ते डिओडोरंट निघते. आता घाम पूर्वीइतकाच येतो, फक्त त्यात चॉकलेट मिसळलेले असते.

सुगंधाचा शौक या देशाला नवा नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ग्रहगोलांविषयी, पर्जन्याविषयी लिहिता लिहिता 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर एक अध्याय खर्च केला आहे. सोळा द्रव्यांतून चार निवडण्याचे १,८२० प्रकार होतात, त्यांचे भाग बदलत गेले की १,७४,७२० सुगंध तयार होतात, असा हिशेब त्यात येतो. मॉलमधल्या डिओच्या फडताळासमोर उभे राहून "यातला कुठला घेऊ?" म्हणणाऱ्या माणसाने ज्योतिषी गाठावा, असा याचा अर्थ काढू नये. पण वाळा, चंदन, उटणे, कानात अत्तराचा फाया, या साऱ्यात एक सभ्यपणा होता. अंगाला चांगला वास यावा म्हणून ते लावत. अंगाला वाईट वास येत असणार या धास्तीने लावण्याची पद्धत पुढे अमेरिकेत निघाली.

फिलाडेल्फियात १८८८ साली 'मम' नावाचे मलम बाजारात आले. ते बोटाने काखेत चोपडावे लागे. १९०३ साली 'एव्हरड्राय' हे घाम अडवणारे पहिले औषध निघाले. पण खरी कथा सिनसिनाटीची. तिथल्या एका शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेच्या वेळी हाताला घाम सुटू नये म्हणून एक द्रव तयार केला होता. त्याची शाळकरी मुलगी एडना मर्फी हिने तो काखेत लावून पाहिला, काख कोरडी राहिली, आणि तिने 'ओडोरोनो' या नावाने त्याचा धंदा काढला. १९१२ साली अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनात तिने दुकान मांडले, तेव्हा आधी कोणी फिरकेना. त्या वर्षी उन्हाळा मात्र लांबला, प्रदर्शनातली गर्दी घामाने निथळू लागली आणि माल खपला. द्रव लाल रंगाचा होता आणि आम्लात कालवलेला होता. कातडी चरचरे, कापड खाल्ले जाई. काख कोरडी राहावी म्हणून लावलेल्या औषधाने काखेपुरता सदराच नाहीसा करावा, ही वायुवीजनाची सोय जाहिरातीत सांगायची राहून गेली.

पुढे जेम्स वेब यंग या जाहिरातलेखकाकडे हे काम आले. पाहणीत असे दिसले की नाव जवळपास सगळ्या बायकांना ठाऊक आहे, पण दोन-तृतीयांश बायकांना आपल्याला असल्या वस्तूची गरज आहे असे वाटतच नाही. यंगने गरज तयार केली. १९१९ साली 'लेडीज होम जर्नल'मध्ये त्याने जी जाहिरात दिली तिचा आशय असा: तुम्हाला वास येत असेल, तुम्हाला तो कळत नसेल, आणि तुमच्या तोंडावर ते कोणी सांगणार नाही. सुमारे दोनशे वाचकांनी संतापून वर्गणी बंद केली. यंगच्या ओळखीतल्या बायकांनी त्याच्यावर बहिष्कार घातला. वर्षाच्या आत विक्री ११२ टक्क्यांनी वाढून ४ लाख १७ हजार डॉलरवर गेली. संतापलेल्यांनी वर्गणी बंद करून परत येताना वाटेत ओडोरोनोची बाटली घेतली असावी, असे मानायला जागा आहे. द्रवाचा शोध डॉक्टरांचा होता. यंगने शोधून काढली ती शंका, आणि शंकेला कच्चा माल लागत नाही.

पुरुष सुटले असे नाही. घामाचा वास ही मर्दानगीची निशाणी मानली जाई, म्हणून १९३५ साली पुरुषांसाठी आलेले पहिले डिओडोरंट काळ्या बाटलीत भरले, आणि पुढच्या दशकात एकाने तर आपला माल व्हिस्कीच्या छोट्या चिनीमातीच्या सुरयांत घालून विकला. काखेत काय लावतो हे मित्रांना दिसले तरी त्यांनी ती दारू समजावी, आणि पुरुषाची इज्जत राहावी, एवढाच हेतू. १९५२ साली हेलन बार्नेट डिसेरेन्स हिच्या कामामुळे बॉलपेनच्या तत्त्वावर चालणारा रोल-ऑन आला. भारतात दूरचित्रवाणीने या विषयाला निराळी उंची दिली. काखेत दोन फवारे मारताच शेजारपाजारच्या स्त्रिया भान हरपून धावत येतात, असे शरीरशास्त्र पडद्यावर रोज शिकवले जाऊ लागले. शेवटी २०११ साली माहिती व प्रसारण मंत्रालयाला जाहिरात मानक परिषदेला सांगावे लागले की हे आवरा. प्रत्यक्षात फवारा मारून घराबाहेर पडलेल्या असंख्य तरुणांच्या मागे फक्त गल्लीतले कुत्रे लागले. त्याचेही कारण वेगळे होते.

वापरण्याची रीत हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. घाम अडवणारे औषध रात्री झोपण्यापूर्वी, कोरड्या कातडीवर लावायचे असते. रात्री ग्रंथी मंदावलेल्या असतात, क्षारांना नलिकेत बस्तान बसवायला वेळ मिळतो आणि सकाळच्या आंघोळीने ते बूच धुऊन जात नाही. ही गोष्ट त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. तिला मध्यमवर्गीय घराचा विरोध आहे.

"रात्री अकरा वाजता सेंट मारून कुठे निघालात?"

"झोपायला."

"हो का!"

या 'हो का'ला उत्तर नसल्याने गृहस्थ सकाळीच लावायचे ठरवतो. आंघोळ, ओल्या काखेत फवारा, त्यावर घाईत बनियन, मग बनियनवरून आणखी एक फवारा, गाडी चुकते आहे असे वाटून जिन्यात तिसरा. पहिला पाण्याने वाहून जातो, दुसरा बनियनला मिळतो, तिसरा तळमजल्यावरच्या आजींना. घाम येण्याचे थांबावे अशी अपेक्षा त्यानंतर फक्त आजींकडून ठेवता येते.

फवाऱ्याच्या डब्यात जो वायू द्रव्य बाहेर ढकलतो तो पूर्वी क्लोरोफ्लोरोकार्बन जातीचा असे. काखेतून निघालेला हा वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो असे लक्षात आल्यावर अमेरिकेने १९७८ साली फवाऱ्यांतून तो हद्दपार केला, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर बाकीचे जगही त्या वाटेला लागले. त्याच्या जागी आले ब्युटेन, आयसोब्युटेन आणि प्रोपेन. म्हणजे स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरमध्ये असतात तेच. सिलिंडरच्या बाबतीत मराठी घराइतके सावध घर नाही. रात्री रेग्युलेटर बंद, सकाळी नळीला साबणाचे पाणी, गावाला जाताना दोनदा परत येऊन तपासणी. त्याच घरातला कर्ता पुरुष बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू असताना तोच वायू अंगावर मारून घेतो, आणि तसाच देवघरात जाऊन निरांजनाशी ओणवा होतो. देव त्याला वाचवतो, पण दरवेळी त्याला तेवढे एकच काम असते असे नाही.

डब्यावर 'पंधरा सेंटिमीटर अंतरावरून फवारा' असे लिहिलेले असते. अंतर राखले की माल हवेत फुकट जातो, या विचाराने काटकसरी लोक नळी काखेला टेकवतात. दाबाखालचा द्रव बाहेर येताना झपाट्याने वायू होतो आणि तापमान इतके घसरते की कातडी गोठून तिला भाजल्यासारखी इजा होऊ शकते. चेंबूरमध्ये राहून हिमदंश मिळवण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध नाही. दम्याच्या रुग्णाला हा ढग सोसत नाही, मग तो ढग त्याचा स्वतःचा असो की खोलीतल्या भावाचा. एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगितली पाहिजे. नशेसाठी हा वायू मुद्दाम हुंगणाऱ्या मुलांच्या हृदयाची लय एकाएकी बिघडून जागच्या जागी मृत्यू येऊ शकतो, पहिल्याच वेळीही. ज्या घरात वयात येणारी मुले आहेत तिथे सेंटचा डबा आठवड्याला एक या गतीने संपू लागला तर 'मुलगा स्वच्छ राहायला लागला' एवढ्यावर समाधान मानू नये. २०२१ साली अमेरिकेत काही फवाऱ्यांत बेंझिन हे कर्करोगकारक द्रव्य अशुद्धी म्हणून सापडले आणि तो माल बाजारातून परत बोलावण्यात आला. पेट्रोलियमच्या वायूबरोबर ते आत शिरले असावे, असा संशय होता. रोल-ऑन आणि कांडीला वायू लागत नाही, म्हणून हा परिच्छेद त्यांना लागू नाही.

रोजचे तोटे याहून कितीतरी किरकोळ असतात, आणि तेच सर्वांत जास्त लोकांना होतात. काखेची कातडी पातळ, घडीची आणि कायम ओलसर. सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी तिथे चटकन उठते: लाली, खाज, पुरळ, मग काळपटपणा. दाढीचे पाते फिरवल्याबरोबर त्यावर अल्कोहोलचा फवारा मारला तर जी आग होते तिच्यात गाण्याच्या सर्व सप्तकांना स्पर्श करण्याची क्षमता असते. पुरळ आले की गृहस्थ डिओ बदलतो. चॉकलेट सोडून 'समुद्री वारा' घेतो. पुरळ वाढते. मग 'संवेदनशील त्वचेसाठी' असे लिहिलेला घेतो, त्यात सुगंध कमी असल्याने तो दुप्पट मारतो. शेवटी त्वचारोगतज्ज्ञ.

"काय लावता?"

"डिओ."

"आणि त्यावर?"

"पुरळाचं मलम."

"आणि मलमाचा वास येतो म्हणून?"

"...परत डिओ."

डॉक्टर फक्त 'सगळं बंद' असे लिहितात आणि त्याचे आठशे रुपये होतात. गृहस्थाला पैशांचे फार वाटत नाही. औषधच दिले नाही, याचे वाटते.

दुसरा तोटा पांढऱ्या शर्टाचा. काखेत पिवळा, कडक झालेला जो डाग पडतो त्याचे श्रेय लोक घामाला देतात. खरे पाहता ॲल्युमिनियमचे क्षार आणि घाम यांच्या संयोगाने तो डाग बसतो. घाम एकटा असता तर एका धुण्यात गेला असता. घामाच्या डागांची लाज वाटून औषध लावावे आणि त्या औषधाने डाग कायमचा व्हावा, हे पाहून गृहस्थ औषधाचे प्रमाण वाढवतो. घरात धुणे ज्याच्या वाट्याला असते त्याचे मत या बाबतीत वेगळे असते, पण ते छापण्यासारखे नाही.

या खऱ्या त्रासांना कोणी भीत नाही. लोक भितात ते कर्करोगाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक ईमेल जगभर फिरला: शरीर काखेतून विषे बाहेर टाकते, घाम अडवला की ती आत साठतात, आणि स्तनांचा कर्करोग होतो. ईमेल म्हातारा झाल्यावर व्हॉट्सॲपवर आला आणि पुन्हा तरुण झाला. पहाटे पावणेसहाला तो 'आपले कुटुंब' या गटात पोहोचतो.

"हे खरं आहे का गं, मावशी?"

"खरंच असणार. डॉक्टरांनी लिहिलंय."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"'एका डॉक्टरांनी' असं लिहिलंय बघ."

शरीरातली नको असलेली द्रव्ये काढण्याचे काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे करतात. काखेला ते खाते कधीच मिळालेले नाही. सिअॅटलच्या संशोधकांनी २००२ साली कर्करोग झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांच्या सवयी पडताळल्या, तेव्हा डिओ किंवा घामरोधक वापरण्याचा आणि आजाराचा संबंध आढळला नाही. २००४ साली ब्रिटनमध्ये वीस गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडले, त्यावर मोठे मथळे झाले. पण ते पॅराबेन काखेतून आले असे त्या अभ्यासात दाखवलेले नव्हते आणि निरोगी ऊतींशी तुलनाही नव्हती. मथळे छापले गेले, हा खुलासा मात्र आतल्या पानावरही आला नाही. ॲल्युमिनियमवरून स्मृतिभ्रंशाचीही धास्ती घातली जाते. १९६५ साली सशांच्या मेंदूत थेट ॲल्युमिनियम टोचल्यावर काही बदल दिसले, तिथून ही कथा सुरू होते. काखेतल्या घामरोधकाने हा आजार होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. ससे घामरोधक वापरत नव्हते, हेही नोंदवले पाहिजे.

कातडीतून ॲल्युमिनियम आत किती जाते, याचा एक जुना प्रयोग दोन माणसांवर झाला होता, लावलेल्यापैकी ०.०१२ टक्के आत गेले. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २०२० साली असे मत दिले की ठरलेल्या मर्यादेत, म्हणजे फवाऱ्यात १०.६० टक्के आणि इतर प्रकारांत ६.२५ टक्के, हे सुरक्षित आहे. ही मर्यादा वाचून घाबरणारा माणूस ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये डाळ शिजवतो, ॲल्युमिनियमच्या कढईत भजी तळतो, ज्या झुडपाची पाने जमिनीतले ॲल्युमिनियम साठवून ठेवतात त्या चहाचे दिवसातून चार कप पितो, आणि मिसळ बाधली की आम्लपित्तावरचे ते औषध दोन चमचे घेतो ज्याच्या बाटलीवर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असे स्वच्छ लिहिलेले असते. मग ढेकर देऊन तो गटावर लिहितो, "काखेत केमिकल नको. सर्वांना पाठवा."

ज्यांनी खरोखर जपायला हवे ते लोक मात्र या गोंधळात हरवतात. ज्यांची मूत्रपिंडे अगदी क्षीण झाली आहेत त्यांच्या शरीरातून ॲल्युमिनियम नीट बाहेर पडत नाही. म्हणून अमेरिकेत घामरोधकाच्या डब्यावर 'मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारा' अशी सूचना छापावीच लागते. आणि मॅमोग्राफीला जाताना त्या दिवशी काखेत काहीच लावू नये, कारण ॲल्युमिनियमचे कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात आणि नसलेल्या आजाराची तपासणी सुरू होते. हे दोन्ही उपयुक्त मुद्दे व्हॉट्सॲपवर कोणी पाठवत नाही. त्यांत भीती पुरेशी नाही.

घाबरलेल्यांसाठी बाजाराने 'नैसर्गिक' नावाचा कप्पा उघडला आहे. त्यात खाण्याच्या सोड्याचे मलम असते. सोडा अल्कधर्मी आणि कातडी किंचित आम्लधर्मी, तेव्हा अनेकांच्या काखा त्याने सोलवटून निघतात. सोलवटणेही नैसर्गिकच असल्याने तक्रार करता येत नाही. आणि एक अर्धपारदर्शक खडा असतो, सुबक डबीत, 'खनिज स्फटिक' म्हणून, चारशे-पाचशे रुपयांना. तो पाण्यात बुडवून काखेत फिरवायचा. एका गृहस्थाने तो मोठ्या अभिमानाने केस कापायला गेल्यावर दाखवला.

"ॲल्युमिनियममुक्त जीवनशैली. परदेशी आहे."

कारागिराने खडा हातात घेतला, उजेडात धरला आणि कप्प्यातला आपला काढून शेजारी ठेवला.

"तुरटी आहे, साहेब. दहा रुपयांना देतो वाण्याकडची."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण इतक्या शब्दशः क्वचितच घडते. तुरटीचे रासायनिक नाव पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट आहे, ही माहिती कारागिराने दयेपोटी दिली नाही.

पागडीच्या भाडेकरूंचा प्रश्न मुळापासून सोडवण्याचेही प्रयत्न झाले आहेत. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात क्रिस काल्लेवार्ट या संशोधकाने वास न येणाऱ्या जुळ्या भावाच्या काखेतले जिवाणू वास येणाऱ्या भावाच्या काखेत वसवून पाहिले आणि वास कमी झाला. दाता जवळचा नातेवाईक असलेला बरा. मराठी कुटुंबात मूत्रपिंड मागता येईल, पण "तुझी काख जरा दे" हे कुठल्या तोंडाने म्हणायचे, हा सामाजिक प्रश्न शिल्लक राहतो. काही लोकांना मुळातच वास येत नाही. एबीसीसी११ नावाच्या जनुकाच्या एका प्रकारामुळे काखेतल्या स्रावात जिवाणूंना आवडणारा माल उतरतच नाही. पूर्व आशियात हा प्रकार फार आढळतो, कोरियात जवळजवळ सर्वांत. त्याची खूण अशी की कानातला मळ चिकट नसून कोरडा असतो. ब्रिटनमध्ये ६,४९५ स्त्रियांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे दोन टक्क्यांना हे वरदान होते. त्या दोन टक्क्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणी तरीही नेमाने डिओ लावत होत्या. जेम्स वेब यंगचा पगार वसूल झाला तो इथे.

याच्या दुसऱ्या टोकाला असे लोक असतात ज्यांना बसल्या जागी, पंख्याखाली, थंडीतही घाम फुटतो. त्यांना दुकानातल्या फवाऱ्याने काही होत नाही. ॲल्युमिनियम क्लोराईडचे अधिक तीव्र औषध, बोट्युलिनम विषाची सुई (काखेतल्या अतिघामासाठी तिला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली, परिणाम काही महिने टिकतो), किंवा अखेरचा उपाय म्हणून मज्जातंतूंची शस्त्रक्रिया, असे मार्ग डॉक्टर सांगतात. शस्त्रक्रियेनंतर काखेतला घाम थांबून तो पाठीतून किंवा मांड्यांतून जोरात येऊ लागण्याचा संभव असतो. एकाएकी वजन घटणे, रात्री अंथरूण भिजणे, छातीत धडधड अशा लक्षणांबरोबर घाम वाढला असेल तर केमिस्टकडे न जाता डॉक्टरांकडे जावे. विनोदी लेखक या जातीला यांतले काहीच लागू होत नाही. ते घरी बसून लिहितात, त्यांच्या जवळ कोणी येत नाही, आणि त्यामुळे आपल्याला वास येत नाही अशी त्यांची शास्त्रीय खात्री असते.

राहता राहिला रिकामा डबा. तो रिकामा दिसतो, पण आत थोडा वायू उरलेला असतो. म्हणूनच वापरून झाल्यावरही त्याला भोक पाडू नये, तो जाळू नये आणि ५० अंशांहून जास्त उष्णतेत ठेवू नये असे त्यावर छापलेले असते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत मागच्या काचेखाली तो विसरणे धोक्याचे. होळीत टाकणे तर उघड मूर्खपणाचे, आणि दरवर्षी कोणी ना कोणी तो करतोच. नीट मोकळा होईपर्यंत हवेशीर जागी दाबून मग तो सुक्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे द्यावा. भंगारवाला त्याला चुंबक लावून पाहतो. चिकटला तर पत्रा. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम.

"ॲल्युमिनियमचा भाव जास्त आहे, काका. आणखी आहेत का घरात?"

"चार-पाच असतील."

"आणून द्या. झाकणं काढून ठेवा, त्याचे पैसे नाही."